फिशटँकची मोटर अचानक बंद पडली तर? आधी हवा, मग दुरुस्ती

आजकाल आपल्या अनेक घरांत हॉलच्या कोपऱ्यात काचेची एक टाकी दिसते. कधी मुलांच्या हट्टापायी आणलेली, कधी परीक्षेत चांगले मार्क मिळाले म्हणून बक्षीस दिलेली, कधी नुसती शोभेसाठी. टाकी दिसते सुंदर, पण ती चालते विजेवर. फिल्टर, एअर पंप, थंडीत हीटर, वर लाइट. यातली एखादी वस्तू कधी ना कधी बंद पडतेच. आणि बंद पडायला तिला नेमकी रात्र सापडते, नाहीतर ईदची सुट्टी, म्हणजे दुकानं बंद असतानाची वेळ.

अशा वेळी बहुतेक घरांत काय होतं ते ठरलेलं आहे. मासे वर येऊन तोंड उघडायला लागले की घाबरून टाकीतलं सगळं पाणी उपसलं जातं. बंद पडलेला फिल्टर नळाखाली धरून साबणासारखा स्वच्छ केला जातो. दुसऱ्या दिवशी नवी मोटर येते, टाकी चकाचक होते, आणि तिसऱ्या-चौथ्या दिवशी एकेक मासा मरायला लागतो. मग दोष जातो मोटरला, दुकानदाराला किंवा माशांच्या नशिबाला.

आमचं म्हणणं एवढंच आहे की वस्तू बंद पडल्यावर सगळे मासे लगेच मरत नाहीत. बऱ्याचदा ते मरतात त्यानंतर घाईघाईत केलेल्या कामांमुळे. पहिल्या तासात काय करायचं आणि काय करायचं नाही हे घरातल्या मोठ्यांना आणि जाणत्या मुलांना माहीत असलं, तर बहुतेक मासे वाचतात.

सगळ्यात आधी माणसाची सुरक्षितता

पाणी आणि वीज एकत्र असलेली घरातली ही एक जागा आहे, हे आपण विसरतो. म्हणून पहिला नियम: टाकीत हात घालायच्या आधी टाकीचे सगळे प्लग काढायचे. नुसतं बटण बंद करून चालत नाही, प्लगच बाहेर. हात कोरडे हवेत, पायात चप्पल हवी. मुलांना बाजूला थांबवा.

पाण्यात बोट घातल्यावर झिणझिण्या आल्या, हीटरची काच तडकलेली दिसली किंवा एक्स्टेंशन बोर्डावर पाणी ओघळलेलं दिसलं, तर प्लगलाही हात लावू नका. आधी मेन स्विच पाडा. मासे मजेत पोहताहेत म्हणजे पाण्यात करंट नाही, असं समजू नका. मासा जमिनीला टेकलेला नसतो, आपण टेकलेले असतो.

अनेकांना वाटतं की घरात एमसीबी आहे, मग काय भीती? एमसीबी जादा लोड किंवा शॉर्ट सर्किट झाल्यावर पडतो. माणसाच्या अंगातून जाणाऱ्या थोड्या करंटने तो पडेलच असं नाही. त्यासाठी ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी लागतो. घरात तो नसेल तर इलेक्ट्रिशियनकडून बसवून घ्या. टाकीसाठीच नव्हे, गिझर आणि वॉशिंग मशीनसाठीही तो कामाचा आहे.

आणखी एक छोटी गोष्ट. टाकीतून येणारी वायर बोर्डाकडे जाताना बोर्डाच्या खाली थोडी लोंबती राहील असा झोल ठेवा. वायरवरून ओघळणारं पाणी त्या झोलावरून खाली पडतं, सॉकेटमध्ये शिरत नाही.

मासा नेमका कशाने मरतो?

टाकी बंद पडल्यावर दोन धोके असतात. एक तासांत जाणवतो, दुसरा दिवसांत.

पहिला धोका ऑक्सिजनचा. एक लिटर हवेत साधारण २७० मिलिग्रॅम ऑक्सिजन असतो. एक लिटर पाण्यात २० अंश तापमानाला जेमतेम ९ मिलिग्रॅम आणि ३० अंशाला साधारण साडेसात. म्हणजे पाणी जितकं गरम, तितका त्यात ऑक्सिजन कमी. त्यात गरम पाण्यात माशाला ऑक्सिजन जास्त लागतो. म्हणूनच जानेवारीत मोटर बंद पडणं वेगळं आणि मालेगाव किंवा जळगावच्या मे महिन्यात बंद पडणं वेगळं. उन्हाळ्यात हातात वेळ फार कमी असतो.

पाण्यात ऑक्सिजन शिरतो तो वरच्या पृष्ठभागातून. एअर पंपाचे बुडबुडे स्वतः फारसं काही देत नाहीत, ते पाणी हलवतात आणि खालचं पाणी वर आणतात. ही गोष्ट ध्यानात ठेवली की पुढचा उपाय आपोआप सुचतो: पाणी हलतं ठेवा.

दुसरा धोका अमोनियाचा. माशांच्या कल्ल्यांतून आणि विष्ठेतून, उरलेल्या खाद्यातून पाण्यात सतत अमोनिया तयार होतो, आणि तो माशांना विषारी आहे. टाकीत तो साचत नाही, कारण फिल्टरच्या स्पंजवर राहणारे जिवाणू त्याचं आधी नायट्राइट आणि मग त्या मानाने निरुपद्रवी नायट्रेट करून टाकतात. स्पंजवरचा तो तपकिरी, बुळबुळीत थर आपल्याला घाण वाटतो. खरं तर तीच टाकीची जान आहे. या जिवाणूंनाही ऑक्सिजन लागतो. फिल्टरमधून पाणी वाहायचं थांबलं की काही तासांत ते मरायला लागतात. आणि नळाच्या क्लोरीनच्या पाण्यात स्पंज धुतला तर आपण आपल्या हातानेच त्यांना मारतो. मग अमोनिया साचतो आणि मासे तिसऱ्या-चौथ्या दिवशी जातात.

पहिल्या तासात काय करायचं

मासे सगळे वर येऊन पृष्ठभागाशी तोंड उघडझाप करताहेत आणि त्यांचे कल्ले भराभर हलताहेत, तर ऑक्सिजन कमी पडलाय असं समजा. एक सवलत: फायटर आणि गुरामी हे मासे नेहमीच वर येऊन हवा घेतात, ती त्यांची सवय आहे. गोल्डफिश, मॉली, गप्पी, टेट्रा, शार्क वर आले की मात्र फिकीर करायला हवी.

१. प्लग काढल्यावर एक स्वच्छ, साबण न लागलेला मग किंवा तांब्या घ्या. टाकीतलंच पाणी भरून फूटभर उंचीवरून परत टाकीत सोडा. माशांच्या अंगावर नको, कोपऱ्यात. पाच मिनिटं सलग करा, मग दर दहा-पंधरा मिनिटांनी थोडं थोडं. घरातली मुलं हे काम आळीपाळीने आनंदाने करतात.

२. टाकीचं झाकण काढा. पृष्ठभागावर तेलकट साय दिसत असेल तर साधा कोरा कागद वर पसरून उचला, ती निघून येते. वारा लागेल असा टेबल फॅन लांब ठेवला तरी चालतो, पण तो पडून पाण्यात जाणार नाही अशा जागी.

३. खाद्य पूर्ण बंद. धडधाकट मोठा मासा तीन-चार दिवस न खाता सहज राहतो. खाल्लं की त्याला ऑक्सिजन जास्त लागतो आणि अमोनियाही वाढतो. "बिचारे भुकेले असतील" म्हणून टाकलेली चिमूट अशा वेळी नुकसान करते.

४. एकच वस्तू बंद पडली असेल तर दुसरीकडून काम काढा. एअर पंप गेलाय पण फिल्टर चालू आहे? फिल्टरचं तोंड वरच्या दिशेला फिरवा, किंवा टाकीतलं पाणी दोन इंच कमी करा, म्हणजे पाणी वरून पडून खळखळेल. फिल्टर गेलाय पण एअर पंप चालू आहे? हवेचा दगड टाकीच्या मधोमध आणा आणि हवा पूर्ण सोडा.

५. मासे छोट्या बादलीत किंवा बरणीत काढू नका. दोन फूट लांब, एक फूट रुंद आणि एक फूट उंच टाकीत काठोकाठ भरलं तर सुमारे ५६ लिटर पाणी मावतं, आणि वर दोन चौरस फुटांचा पृष्ठभाग असतो. अरुंद बादलीत मासे आणखी लवकर गुदमरतात.

वीजच गेली असेल तर

१२ ऑक्टोबर २०२० च्या सकाळी ग्रिड बिघडल्यामुळे मुंबई आणि आसपासची वीज काही तास गेली होती. त्याच वर्षी ३ जूनला निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर आलं, तेव्हा श्रीवर्धन, म्हसळा, मुरूड भागातल्या गावांत कित्येक दिवस वीज नव्हती. दोन्ही प्रसंग वेगळे. काही तासांसाठी मग आणि तांब्या पुरतो. रात्रभर किंवा त्याहून जास्त काळासाठी दुसरी सोय लागते.

सगळ्यात सोपी सोय म्हणजे यूएसबीवर चालणारा छोटा एअर पंप. तो मोबाइलच्या पॉवर बँकेवर चालतो. हे पंप साधारण एक-दोन वॅट घेतात, त्यामुळे चांगली १०,००० एमएएचची पॉवर बँक रात्र काढून देते. एक काळजी घ्या: काही पॉवर बँका फार कमी करंट ओढला गेला की आपोआप बंद होतात. म्हणून वीज असतानाच एकदा तासभर चालवून पाहा. सेलवर चालणारे पंपही मिळतात.

घरात इन्व्हर्टर असेल तर एअर पंपाचा पॉइंट त्याच्या लाइनवर घ्या. साधा एअर पंप तीन ते पाच वॅटचा असतो, म्हणजे एलईडी बल्बपेक्षाही कमी. हीटर मात्र इन्व्हर्टरवर नको, तो बॅटरी खाऊन टाकतो.

वीज गेली की आणखी एक गंमत होते, जी फार महागात पडते. एअर पंप टाकीच्या पाण्याच्या पातळीखाली ठेवलेला असेल तर हवा थांबताच पाणी नळीतून उलटं येतं. पंप खराब होतो, फरशीवर पाणी होतं, कधी बोर्डात शिरतं. उपाय साधा: पंप पाण्याच्या पातळीच्या वर ठेवा, किंवा नळीत पाणी उलटं येऊ न देणारा छोटा व्हॉल्व बसवा. तो अगदी स्वस्तात मिळतो.

वीज परत आल्यावर घाई नको

फिल्टर तासाभरासाठी बंद होता, तर तसाच चालू करा. पण तीन-चार तासांपेक्षा जास्त बंद होता, विशेषतः बंद डब्याचा फिल्टर असेल, तर आतल्या पाण्यातला ऑक्सिजन संपून ते सडायला लागलेलं असतं. वीज येताच ते घाण पाणी एका दमात टाकीत येतं. म्हणून आधी फिल्टर उघडा. बादलीत टाकीतलंच पाणी काढून घ्या आणि त्यात स्पंज हलक्या हाताने दोन-तीन वेळा पिळा. डब्यातलं पाणी फेकून द्या, मग चालू करा. वीज बराच वेळ येणार नाही असं वाटत असेल तर स्पंज काढून टाकीतच मोकळा सोडून ठेवा, आतले जिवाणू जास्त टिकतील.

टाकीच्या काठावर लटकवायच्या फिल्टरमध्ये कधी कधी वीज आल्यावर पाणी चढत नाही आणि मोटर कोरडी फिरत राहते. त्याच्या कप्प्यात मगभर पाणी ओतून मग सुरू करा.

फेकण्याआधी एकदा उघडून पाहा

"मोटर जळाली" म्हणून फेकलेल्या कितीतरी मोटरी चांगल्या असतात. फिल्टरच्या आत चुंबकाचा एक छोटा पंखा असतो. त्यात केस, शेवाळ, वाळूचा कण किंवा गोगलगाय अडकली की तो फिरत नाही आणि मोटर नुसती घूं घूं करते. प्लग काढा, पुढचं झाकण उघडा, पंखा बाहेर ओढा, जुन्या टूथब्रशने पंखा आणि ती पोकळी साफ करा. पंखा तुटला असेल तर बऱ्याच कंपन्यांचा तो सुटा मिळतो.

एअर पंपाची हवा कमी झाली असेल तर आधी नळीतून हवेचा दगड काढून पाहा. दगड काढल्यावर हवा जोरात आली तर दोष दगडात आहे, तो बुजलाय. तरीही हवा नाही, तर पंपाच्या आतला रबराचा पडदा फाटलेला असतो. तोही बदलता येतो.

मोटर खरोखर गेली असेल तर नवी आणा, पण एक वाक्य लक्षात ठेवा: मोटर नवी, स्पंज जुनाच. नव्या फिल्टरमध्ये जुना स्पंज बसवा. बसत नसेल तर कापून बसवा, किंवा नव्या फिल्टरशेजारी टाकीत ठेवा. कोऱ्या स्पंजवर पुरेसे जिवाणू तयार व्हायला चार ते सहा आठवडे लागतात. तोवर टाकी जुन्या स्पंजच्याच जिवावर चालते.

हीटरचे दोन प्रकारचे दोष

नाशिक, पुणे, मराठवाडा, विदर्भ या भागांत डिसेंबर-जानेवारीत हीटर लागतो. मुंबई आणि कोकणात बऱ्याच माशांना तो लागतही नाही. गोल्डफिश तर थंड पाण्याचाच मासा.

हीटर बंद पडून पाणी गार झालं, तर टाकीला तिन्ही बाजूंनी गोधडी किंवा ब्लँकेट गुंडाळा आणि घट्ट बंद केलेल्या प्लास्टिकच्या बाटलीत कोमट पाणी भरून ती तरंगत ठेवा. उकळतं पाणी टाकीत कधीही ओतू नका.

उलटा दोष जास्त घातक. हीटरचा थर्मोस्टॅट चिकटतो, तो बंदच होत नाही, आणि पाणी ३४-३५ अंशांवर जातं. अशा वेळी प्लग काढा, झाकण उघडा, हवा वाढवा, पृष्ठभागावर वारा सोडा. बर्फाची बंद बाटली तरंगत ठेवता येते, पण तासाला एक-दोन अंशांपेक्षा जास्त फरक पडू देऊ नका. थेट बर्फ टाकू नका, नळाच्या पाण्याच्या बर्फात क्लोरीनही असू शकतं.

दोन सवयी पुरेशा आहेत. एक, टाकीत वेगळा थर्मामीटर ठेवा, हीटरवरच्या आकड्यावर विसंबू नका. दोन, लिटरला साधारण एक वॅट या हिशोबानेच हीटर घ्या. ५० लिटरच्या टाकीत २०० वॅटचा हीटर अडकला तर पाणी भराभर तापतं. लहान हीटर अडकला तर निदान आपल्या लक्षात यायला वेळ मिळतो. पाणी बदलताना हीटर पंधरा-वीस मिनिटं आधी बंद करा. गरम हीटर उघडा पडला की काच तडकते.

टाकी गळायला लागली तर

प्लग काढा. गळती कुठून आहे ते बघा आणि पाणी त्या जागेच्या खाली येईपर्यंत काढा. पाणी फेकू नका, स्वच्छ टबमध्ये साठवा. गळती तळाशी असेल तर मासे रुंद टबमध्ये त्याच पाण्यात ठेवा आणि फिल्टर-एअर पंप तिथे लावा. टबवर जाळी किंवा कापड टाका, मासे उडी मारतात. सांधा कोरडा करून जुनं सिलिकॉन खरवडायचं आणि मत्स्यटाकीसाठीचंच सिलिकॉन लावायचं. बाथरूमसाठीच्या काही सिलिकॉनमध्ये बुरशीनाशक असतं, ते माशांना विषारी आहे. लावल्यावर २४ ते ४८ तास सुकू द्या.

पुढचा आठवडा

संकट टळलं असं वाटतं तेव्हाच अमोनियाचा धोका सुरू होतो. पुढचे सात-आठ दिवस खाद्य अगदी कमी द्या. एक दिवसाआड टाकीतलं पाव भाग पाणी बदला. सगळं पाणी एकदम बदलू नका, तापमान आणि पाण्याचा गुण अचानक बदलला की मासे त्यानेच जातात. अमोनिया तपासायचे थेंब दुकानात मिळतात, ते एकदा घेऊन ठेवा.

नळाचं पाणी थेट घालायचं नाही. उघड्या बादलीत २४ तास ठेवलं की क्लोरीन उडून जातं. घाई असेल तर अँटी-क्लोरीनचे थेंब बाटलीवर लिहिलेल्या प्रमाणात घाला. बोअरचं पाणी असेल तर क्लोरीन नसतं, पण त्यात ऑक्सिजन कमी असू शकतो, म्हणून तेही काही तास हवा देऊन मगच वापरा. साठवलेल्या बादलीवर पातळ कापड बांधा, नाहीतर डेंग्यूच्या डासांची सोय होते.

गावी जाताना

ईदला किंवा मे महिन्यात चार-पाच दिवस घर बंद ठेवून गावी जाणारी कुटुंबं आपल्यात बरीच आहेत. निघायच्या आदल्या दिवशी नवी मोटर, नवे मासे, मोठी साफसफाई असं काही करू नका. काही बिघडलं तर पाहायला कोणी नसतं. ते सगळं आठवडाभर आधी उरका.

शेजारच्या खालांकडे चावी देणार असाल तर खाद्याचा डबा देऊ नका. एक दिवसाआडच्या छोट्या पुड्या करून द्या. प्रेमापोटी जास्त टाकलेलं खाद्य टाकीत सडतं. सोबत एका कागदावर मोठ्या अक्षरात लिहा: कोणता प्लग कशाचा, मेन स्विच कुठे, आणि मासे वर आले तर आधी काय करायचं.

एका डब्यात एवढं असू द्या

यूएसबी किंवा सेलवरचा एअर पंप, हवेचा एक जादा दगड, दोन-तीन मीटर नळी, उलटं पाणी अडवणारा व्हॉल्व, अँटी-क्लोरीनची बाटली, थर्मामीटर आणि साबण न लागलेला एक मग. काही शे रुपयांत हा डबा तयार होतो. जमलं तर एअर पंपावर चालणारा साधा स्पंज फिल्टर मुख्य फिल्टरसोबत कायम चालू ठेवा. एक बंद पडला तरी दुसरा टाकी सांभाळतो.

आणि शेवटचं, जे दुकानात क्वचितच सांगितलं जातं: मासे कमी ठेवा. पन्नास लिटरच्या टाकीत पंचवीस मासे कोंबले की ती टाकी मोटरच्याच भरवशावर श्वास घेते, मोटर थांबली की काही तासांत सगळं संपू शकतं. त्याच टाकीत आठ-दहा छोटे मासे असतील तर आपल्याला सकाळपर्यंत वेळ मिळतो. मुका जीव काचेत आणून ठेवला की त्याच्या दाणापाण्याची जबाबदारी घरावर येते, हे आपण मुलांना शिकवतोच. टाकीतल्या माशाला दाणापाण्याइतकीच हवाही लागते, तेवढं त्यात जोडा. या आठवड्यात एकदा मुलांना सोबत घेऊन टाकीचे प्लग, वायरी आणि पंपाची जागा तपासून घ्या.